शिपायाचे सामान

कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या जुन्या गावात चावडीच्या, नाहीतर शाळेच्या भिंतीत बसवलेला एक लहानसा संगमरवरी दगड कधीकधी नजरेला पडतो. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांतली किती मेली, एवढेच त्यावर कोरलेले असते. दोन आकडे. नाव एकही नाही. इंग्रज सरकारने हे दगड गावोगाव एकाच साच्यात बसवले, आकडे तेवढे बदलले. कुठे रंगाऱ्याने भिंतीबरोबर त्यावरही कुंचला फिरवलेला असतो, कुठे नळाची पाइप त्याच्या अंगावरून गेलेली असते. विचारले तर म्हातारी माणसे सांगतात, ‘लढाईचा दगड हाय त्यो.’ त्या आकड्यात कोण कोण होते, हे सांगणारे आता जवळजवळ कोणी उरलेले नाही.

या पुस्तकाचे हस्तलिखित वाचताना तो दगड माझ्या मनातून हलला नाही. आपल्याकडच्या शिपायाबद्दल जे लिहिले गेले, दाखवले गेले, त्यातला बराचसा भाग असाच आकड्यांचा आहे. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांची नोंद आहे. तिथे अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या लिहिली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या भेदभावाची जाहीर कबुली दिली ती २०२१ साली, म्हणजे शंभर वर्षांनी. आकड्याचे पुन्हा माणूस कसे करायचे, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे. प्रादेशिक लष्करी संग्रहालय ही त्यासाठीची जागा आहे, असे लेखकांचे म्हणणे आहे आणि ते मला पूर्ण पटते.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाला आधी थोडी वाट दाखवली पाहिजे.

लष्करी संग्रहालयाचा आपल्याकडचा सर्वांत जुना नमुना म्हणजे संस्थानिकांचा शिलेखाना. भिंतीवर पंख्यासारख्या मांडलेल्या तलवारी, मध्ये ढाल, खाली बंदुका, कोपऱ्यात चिलखत. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात हा थाट आजही पाहायला मिळतो. वस्तू राजाची असते आणि ती राजाच्या पराक्रमाची साक्ष देते. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून तीन वर्षांसाठी आलेली वाघनखे साताऱ्याच्या शिवाजी संग्रहालयात ठेवली गेली, तेव्हा लोकांनी त्यांच्यासाठी रांगा लावल्या. त्या रांगेतल्या माणसांच्या डोळ्यांतला भाव खरा होता. पण त्यांतल्या कितीतरी जणांचे आजे-पणजे पलटणीत होते, आणि त्यांची एकही वस्तू कुठल्या कपाटात नाही.

दुसरा नमुना पलटणींच्या स्वतःच्या संग्रहालयांचा. मराठा रेजिमेंटचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. रेजिमेंटची पहिली पलटण, जंगी पलटण, १७६८ ची. इतक्या लांब परंपरेचा अभिमान नव्या रंगरुटात उतरवणे हे अशा संग्रहालयाचे पहिले काम असते. त्यामुळे तिथे पदके, निशाणे, शत्रूकडून जिंकलेली हत्यारे आणि वीरांची चित्रे असतात. ते योग्यच आहे. अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, १९९४ मध्ये उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात पन्नासच्या आसपास चिलखती गाड्या उघड्यावर उभ्या आहेत. रोल्स रॉइसची जुनी चिलखती मोटार आहे, १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन आहे, आपला विजयंता आहे. शाळांच्या सहली येतात, मुले तोफेच्या नळीखाली उभी राहून फोटो काढतात. मी तिथे दोनदा एक पूर्ण दुपार काढली आहे. उन्हाने तापलेल्या पत्र्याला हात लावला की कळते, आत बसणाऱ्या चौघांचे काय होत असेल. ते पाणी कुठे ठेवत? जेवण केव्हा मिळे? हे प्रश्न मुलेच विचारतात, मास्तरांना उत्तर येत नाही, कारण गाडीपुढच्या पाटीवर वजन, वेग आणि तोफेचे माप असते.

तिसऱ्या नमुन्याला मी या पुस्तकाचा खरा पूर्वज मानतो, आणि ते लष्करी संग्रहालयच नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, कुलपे, फण्या, भांडी जमवली. ज्या वस्तू लोक मोडीत काढत होते, त्या त्यांनी इतिहास म्हणून उचलल्या. राजा केळकर संग्रहालयात गेलेल्या माणसाला पेशवाईतल्या एखाद्या स्त्रीचा हात कुठल्या वस्तूवरून फिरत होता, ते दिसते. हीच नजर शिपायाच्या सामानाकडे वळवली तर काय होईल, हे आपल्याकडे फारसे कोणी करून पाहिलेले नाही.

इतिहासलेखनाची वाटही साधारण अशीच वळणे घेत आली. बखरी आणि पोवाडे सरदारांच्या बाजूने बोलतात. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली आला, त्यात मोहिमा आहेत, तह आहेत. मग १८९८ मध्ये राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि मूळ कागदांचे युग सुरू झाले. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापला, सरदेसायांनी पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड संपादित केले. या माणसांनी शोधला राज्याचा इतिहास, पण त्यांच्या हाती लागलेल्या पत्रांत छावणी जशीच्या तशी शिल्लक राहिली. दाणा महाग झाला, बैल मेले, पगार तीन महिने थकला, पाऊस लागून राहिला, घरची खबर नाही. सुरेंद्रनाथ सेनांनी १९२८ मध्ये मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला तेव्हा बारगीर आणि शिलेदार, गडावरचे हवालदार, सबनीस आणि सरनोबत, यांच्या पगार-व्यवस्थेची शिस्तशीर मांडणी झाली. पाश्चात्त्य देशांत जॉन कीगनच्या १९७६ च्या ‘द फेस ऑफ बॅटल’ने लढाई सेनापतीच्या नकाशावरून खाली उतरवून साध्या सैनिकाच्या डोळ्यांपर्यंत आणली. त्यानंतर युद्ध आणि समाज असा अभ्यासाचा वेगळा प्रवाहच तयार झाला.

आपल्याकडे ती नजर मुळात नव्हती असे मात्र नाही. शिवाजी महाराजांचे १६७३-७४ च्या सुमाराचे एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणजवळ हलवर्ण येथे मुक्काम केलेल्या पागेच्या जुमलेदारांना आणि हवालदारांना लिहिलेले. लष्करी दैनंदिनीचा याहून चांगला दस्तऐवज मला मराठीत माहीत नाही. महाराज त्यात लढाईबद्दल बोलतच नाहीत. साठवलेला दाणा आणि गवत आताच मनमानी खर्चले तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिरून दाणा, भाकरी, गवत, लाकूड, भाजी मागू लागाल, असे ते बजावतात. तसे झाले तर रयतेला मोगल बरे वाटतील, ही भीती ते स्पष्ट लिहितात. मग आगीचा विषय येतो. चुलीतल्या विस्तवाबद्दल, चिलमीबद्दल, रात्री जळत्या ठेवलेल्या दिव्याबद्दल ते सावध करतात. त्या दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाईपर्यंत ते जातात. गवत संपले म्हणजे घोडी गेली, घोडी गेली म्हणजे पागा गेली. ही साखळी ज्याला इतकी स्वच्छ दिसत होती, त्याच्या राज्यात शिपाई कसा जगत असेल याचा अंदाज या एका पत्रावरून येतो. मला विचाराल तर प्रत्येक लष्करी संग्रहालयाच्या पहिल्या दालनात, वाघनखांच्याही आधी, हे पत्र मोठ्या अक्षरांत लावले पाहिजे.

पुढे सुमारे एकशेपस्तीस वर्षांनी हे चित्र किती बदलले ते ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत दिसते. १८०९ मध्ये तो दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडत होता. त्याला दिसले ते फिरते शहर होते, बाजार, सावकार, नाचगाणी, सण, थकलेल्या पगारासाठी धरणे धरून बसलेले शिपाई. परक्या माणसाच्या नजरेत तुच्छता आहे, ती वजा करून वाचावे लागते. पण ‘बाजारबुणगे’ हा शब्द आपण आज ज्या तिरस्काराने वापरतो, त्या शब्दामागे लोहार, न्हावी, धान्य विकणाऱ्या बायका, गवत कापणारे असे हजारो कष्टकरी होते, हे त्याच्या पानांवरून कळते. लष्करच्या भाकऱ्या भाजणे हा आपल्याकडे फुकटच्या उठाठेवीसाठी वाक्प्रचार झाला. त्या भाकऱ्या खरोखर कोणीतरी भाजत होते, त्यांना हात होते, तवा होता. तो तवा संग्रहालयात कुठे आहे?

लष्करातली जात हा विषय पुष्कळ प्रस्तावनांत टाळला जातो. इथे टाळता येत नाही, आणि लेखकांनी टाळलेला नाही याचे मला समाधान आहे. कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपायांची संख्या मोठी होती. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ ला पडलेल्यांची जी नावे आहेत, त्यांत ‘नाक’ प्रत्ययाची नावे ओळीने येतात. इथे शिपायांची नावे कोरलेली आहेत, हे गावातल्या त्या आकड्यांच्या दगडापुढे मुद्दाम आठवावे असे आहे. पलटणीने या माणसांना शाळा दिली, पेन्शन दिली, दापोलीच्या कॅम्पात घरे दिली. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले आणि त्यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर ते आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला कुटुंब घेऊन आले. बाबासाहेबांचे बालपण या लष्करी पेन्शनरांच्या वस्तीत गेले. मग ‘लढवय्या जाती’ ठरवणारे धोरण आले आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती थांबली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून वलंगकरांनी अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट झाली. पलटण म्हणजे पराक्रम हे खरे. पण कोणासाठी तो भाकरीचा आणि माणूस म्हणून उभे राहण्याचा रस्ता होता, आणि सरकारला नको झाले की तो बंदही होत असे. दापोलीत उभे राहणारे लष्करी संग्रहालय ही गोष्ट सांगणार नसेल, तर ते अर्धवट राहील.

मेसोपोटेमियातला कूटचा वेढा हाही असाच उलगडून दाखवण्यासारखा. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ एवढे दिवस तिग्रीसकाठच्या त्या गावात सहावी पुणे डिव्हिजन अडकून पडली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. इतिहासात जनरल टाउनशेंडचे निर्णय असतात, सुटकेसाठी आलेल्या फौजांचे अपयश असते. शिपायांच्या बाजूने पाहिले तर कूटची गोष्ट अन्नाची आहे. धान्य संपत आले, घोडे कापले जाऊ लागले. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांना घोड्याचे मांस खाणे धर्माला आणि गावाच्या रीतीला सोडून वाटले. गावात कळले तर आपल्याला वाळीत टाकतील, मुलीचे लग्न होणार नाही, ही धास्ती भुकेहून मोठी ठरली. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, स्कर्व्हीने माणसे आडवी झाली. शेवटी पुष्कळांनी ते मांस खाल्ले, तोवर अंगात ताकद उरली नव्हती. शरणागतीनंतर वाळवंटातून चालत नेलेल्या कैद्यांत कितीजण वाटेवर पडले. या सगळ्याचे एक पत्र, एक वाटी, एक काठी जरी एखाद्या घरात सापडली तरी ती तलवारीच्या भिंतीहून मोलाची आहे.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाचे नावच लष्कराने बदलले. पहिल्या महायुद्धात या एका गावातले सेहेचाळीस जण पडले, त्यांचे स्मारक गावात आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातले सैनिक टाकळी असेच. इथे घरटी कोणीतरी फौजेत. अशा गावांवर वर्तमानपत्रांत दर स्वातंत्र्यदिनाला लेख येतात, आणि ते जवळजवळ सारखेच असतात. या पुस्तकाच्या लेखकांनी दुसरीकडून सुरुवात केली. त्यांनी घरोघर जाऊन ट्रंका उघडायला सांगितल्या. पत्र्याची काळी ट्रंक, होल्डॉल, अल्युमिनियमचा मग, उनी मफलर, ५६ एपीओच्या पत्त्याची इनलँड पत्रे, पोस्टमन वाचून दाखवायचा तो मनीऑर्डरच्या कुपनवरचा दोन ओळींचा मजकूर, सुट्टीहून परतताना आईने बांधून दिलेल्या भाकरीचे फडके. फौजेतली घोंगडी फाटली की घरच्या बाईने ती गोधडीत घातली, त्या गोधडीवर तिची मुले वाढली. ही गोधडी लष्करी वस्तू आहे की घरगुती, या प्रश्नावर लेखकांनी एक छोटे प्रकरण खर्च केले आहे आणि मला ते पुस्तकातले सगळ्यात चांगले प्रकरण वाटते. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर गोळा केल्या, तेव्हा आपल्याला कळले की ज्यांनी काही लिहून ठेवले नाही त्यांनी किती सांगून ठेवले आहे. फौजीच्या घरच्या बायकांकडे तेवढ्याच धीराने कोणी गेले नव्हते. इथे ते काम सुरू झाले आहे.

हे काम आताच का, असा प्रश्न वाचकाला पडेल. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरांत लढलेल्यांपैकी बोलणारे आता जवळजवळ कोणी नाही. माणगावजवळच्या पळसगावच्या नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या इटलीत ते पडले, तिथल्या मोंतोने या लहानशा गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. परक्या गावाने एवढे केले आणि आपल्या गावांत त्यांच्या पलटणीतल्या इतर माणसांची पत्रे भंगारात जात आहेत. १९६२ च्या युद्धात लढलेले आज ऐंशीच्या पुढे आहेत, १९७१ मध्ये जमालपूरला लढलेले जंगी पलटणीचे जवान पंचाहत्तरीच्या आसपास. १९६२ मध्ये वालाँगच्या लढाईत कैद झालेल्या श्याम चव्हाणांनी ‘वालाँग : एका युद्धकैद्याची बखर’ लिहिली. लिहिणारे असे थोडे, बाकीच्यांचे शब्द त्यांच्याबरोबर जाणार. शिवाय आता पत्रच उरले नाही. सियाचिनवरून व्हिडिओ कॉल येतो, बोलणे होते आणि संपते, ट्रंकेत काही साठत नाही. २०२२ पासून अग्निवीर चार वर्षांसाठी जातात. पेन्शनर शिपाई, त्याची वस्ती, गावातला त्याचा मान, हे सगळे पुढच्या पिढीत वेगळे होईल. आणखी एक कारण आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आता किल्ल्यांवर माणसे येतील, माहितीफलक लागतील. त्या फलकांवर बुरुजांची उंची असेल की टाक्यातले पाणी राखणारा, घेऱ्यावर रात्रभर जागणारा माणूसही असेल, हे याच काही वर्षांत ठरणार आहे.

पुस्तक काय करत नाही तेही सांगतो. त्यात लढायांचे नकाशे नाहीत, वीरांची चरित्रे नाहीत. कोकणातून आरमारात आणि व्यापारी जहाजांवर गेलेल्या खलाशांना इथे कमी जागा मिळाली, ती पुढच्या आवृत्तीत वाढावी असे मी लेखकांना आधीच सुचवले आहे. पुस्तक सांगते ते एवढेच : जिल्ह्याच्या ठिकाणी, तालुक्याच्या जुन्या कचेरीत, एखाद्या शाळेच्या दोन खोल्यांत असे संग्रहालय कसे उभे करावे, वस्तू घरातून घेताना काय विचारावे, नोंदवहीत काय लिहावे, आणि ज्या घराला वस्तू द्यायची नाही त्या घराकडे ती कशी जपून ठेवावी. नोंदवहीवर लेखकांचा फार भर आहे. मी स्वतः संग्रहालयात अभिरक्षक म्हणून उमेदवारी केली, तिथे एका कपाटातल्या सव्वीस वस्तूंपुढे एकाच हाताने ‘तलवार, अठरावे शतक’ असे लिहिलेले होते. कोणाची, कोणी दिली, कुठल्या गावची, कशाच्या बदल्यात, काहीच नाही. ती माहिती कधीतरी कोणाला तरी तोंडपाठ होती, आणि तो माणूस निवृत्त झाला.

लेखकांबरोबर गेल्या वर्षी साताऱ्याजवळच्या एका घरी गेलो होतो. घरच्या आजी नव्वदीच्या. नवरा फौजेत नाईक होता, जाऊन तीस वर्षे झाली. पलंगाखालून नातवाने ट्रंक ओढून बाहेर काढली. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळे एकाखाली एक लिहिलेले होते. रंग पुष्कळ उडाला होता. आजींनी बोटाने एकेक ओळ दाखवत वाचल्यासारखे म्हणून दाखवले. त्यांना वाचता येत नव्हते, पण कुठल्या ओळीत काय आहे ते पाठ होते. नाव मात्र त्यांनी घेतले नाही, जुन्या बाया घेत नाहीत. त्या ओळीवर त्या बोट ठेवून थांबल्या आणि नातवाकडे पाहिले. नातवाने नाव घेतले, लेखकांनी ते नोंदवहीत लिहिले, आणि मग आजींनी कुलूप काढले.